थारच्या वाळूतली बुरशी आणि मिठाच्या पाण्यातला सातू: एका प्रयोगाची पूर्ण उलटतपासणी

हल्ली कुठल्याही कृषी सेवा केंद्रात गेलं की मायकोरायझाचं नाहीतर ट्रायकोडर्माचं, म्हणजे पिकाला उपयोगी म्हणून विकल्या जाणाऱ्या बुरशीचं पाकीट पुढ्यात येतं, आणि सोबत ठरलेलं वाक्य येतं की साहेब हे टाका, पीक पाणी कमी असलं तरी, जमीन खारट असली तरी तग धरतंय. वाक्य अगदीच खोटं नाही. पण अर्धवट आहे, आणि शेतीत अर्धवट माहिती पूर्ण चुकीच्या माहितीपेक्षा महाग पडते कारण ती अधूनमधून खरी ठरते आणि माणूस परत परत पैसे घालत बसतो. म्हणून मी म्हटलं सगळ्या बुरशांचं सरसकट गुणगान करण्यापेक्षा एकच बुरशी घेऊ, जिच्यावर खूप काम झालंय, आणि ती पिकाला ताणातून नेमकं कसं बाहेर काढते, कुठं काढते, कुठं काढत नाही ते नीट बघू.

ही बुरशी आपल्या देशातलीच आहे. राजस्थानात थारच्या वाळवंटात वेडी बाभूळ आणि रानबोरीच्या झुडपांच्या मुळांजवळची माती तपासताना दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या अजित वर्मांच्या गटाला आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांना ती सापडली, आणि १९९८ साली तिचं रीतसर वर्णन छापून आलं. नाव ठेवलं पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका. पुढं २०१६ मध्ये वर्गीकरणवाल्यांनी ते बदलून सेरेंडिपिटा इंडिका केलं, त्यामुळं जुन्या पेपरात एक नाव आणि नव्यात दुसरं दिसलं तर गोंधळू नका, बुरशी तीच आहे. मी इथं इंडिका एवढंच म्हणतो.

जागा बघा कुठली आहे. वर ऊन, खाली वाळू, सेंद्रिय कर्ब नावालाही नाही, पाऊस आला तर आला. अशा जागी झुडूप हिरवं राहतंय आणि त्याच्या मुळाशी एक बुरशी बसलीय म्हटल्यावर साहजिकच कुणाच्याही मनात येणार की या दोघांचं आपसात काहीतरी साटंलोटं असणार. पण नुसतं शेजारी बसलंय म्हणून मदत करतंय असं होत नाही, ते सिद्ध करावं लागतं, आणि इथूनच खरी केस सुरू होते.

आधी एक व्यवहाराचा मुद्दा. आपण बाजारात जिला मायकोरायझा म्हणतो ती बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. तिला बरणीत, नुसत्या खुराकावर वाढवता येत नाही, त्यामुळं एकतर कुंडीत मका-ज्वारी लावून त्याच्या मुळावर ती पोसायची आणि मग ती माती-मुळं वाटून विकायची, नाहीतर प्रयोगशाळेत काचेच्या बशीत गाजराची मुळं वाढवून त्यावर तिची शेती करायची. दोन्ही खटाटोप खर्चिक. शिवाय कोबी, फ्लॉवर, मोहरी, मुळा या घराण्याच्या मुळात ती शिरतच नाही, पालक आणि बीटचं पण तेच. (तरीही कोबीला मायकोरायझा सोडणारे लोक मी बघितलेत, आणि विकणारे तर त्याहून जास्त.) इंडिकाची गोष्ट वेगळी आहे. ही बरणीत साध्या खुराकावर ३० अंशाला मस्त वाढते, तंतू काढून कुस्करून मातीत मिसळता येतात, आणि कोबी-मोहरीच्या घराण्यात पण शिरते. संशोधकांना ती आवडायचं निम्मं कारण हेच आहे, कामाला सोपी.

आता मुख्य प्रयोग. जर्मनीत गीसेन नावाच्या गावात विद्यापीठ आहे, तिथं कार्ल-हाइन्झ कोगेल यांच्या गटानं ही बुरशी सातूवर लावून बघितली. सातू म्हणजे जव, बियरसाठी तिकडं प्रचंड पिकतो. थारच्या झुडपाखालची बुरशी जर्मनीतल्या तृणधान्यावर चालेल असं वरवर बघता वाटणार नाही, पण चालली. फ्रँक वॉलर आणि बाकीच्यांचा पेपर २००५ साली आला आणि त्यात तीन गोष्टी एकदम दाखवल्या होत्या: मीठ सहन होतं, रोग कमी पडतो, आणि उत्पादन वाढतं. तिन्ही एकाच बुरशीनं, एकाच पिकात. असं कुणी सांगितलं की मला तर आधी संशयच येतो, म्हणून एकेक करून बघू.

मिठाचं असं केलं होतं. मुळात बुरशी मुरलेली रोपं आणि बिनबुरशीची रोपं, दोन्ही मीठ घातलेल्या पाण्यावर वाढवली. मीठ १०० मिलीमोलर, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला साधारण ६ ग्रॅम. अशा पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) १० च्या आसपास जाते, आणि मातीच्या अर्काची ईसी ४ च्या वर गेली की आपण तिला क्षारयुक्त जमीन म्हणतो, त्यावरून अंदाज घ्या. बिनबुरशीची रोपं अपेक्षेप्रमाणं खुरटली. बुरशीवाली रोपं मात्र मिठातही, बिनमिठाच्या साध्या रोपांपेक्षा कमी भरली नाहीत. म्हणजे या पातळीचा मिठाचा फटका जवळपास पुसला गेला.

ऐकायला भारी आहे, पण दोन गोष्टी लगेच लक्षात ठेवायच्या. एक, सातू मुळातच मिठाला खंबीर पीक आहे, तृणधान्यात त्याचा नंबर वरचा लागतो, त्यामुळं हाच निकाल द्राक्षाला किंवा घेवड्याला चिकटवायचा नाही. दोन, हे पाण्यावर वाढवलेलं पीक आहे. पाण्यात फक्त मीठ होतं, बाकी सगळं रोपाला ताटात वाढलेलं होतं. शेतातल्या खारट जमिनीत मीठ एकटं कधीच येत नाही, त्याच्यासोबत साचलेलं पाणी येतं, हवा कोंडते, वरचा थर कडक होतो.

बरं, झालं कसं? माझ्या मते या केसमधला सगळ्यात रसाचा भाग हाच आहे, कारण बहुतेकांना वाटतं की बुरशी मुळाभोवती जाळी धरते आणि मीठ बाहेर अडवते. इथं मुख्य काम तसं दिसलं नाही.

मीठ रोपाला दोन बाजूंनी मारतं. पहिल्यांदा पाणी ओढणं अवघड होतं, ओल असून झाड तहानतं. नंतर सोडियम आत साठत जातो, पेशीचं काम बिघडतं आणि सक्रिय ऑक्सिजनचे रेणू वाढतात, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे, जे पेशीच्या पडद्यातली चरबी जाळतात. दुष्काळात, उन्हात, थंडीत पण शेवटी हाच जाळ असतो. झाडाकडं त्यावर स्वतःचा उपाय असतो, व्हिटॅमिन सी, ज्याला रसायनवाले अॅस्कॉर्बेट म्हणतात. ते हा जाळ विझवतं पण विझवताना स्वतः खर्ची पडतं, आणि खर्ची पडलेलं परत वापरण्याजोगं करायला झाडाकडं वेगळी एन्झाइम असतात. लग्नाच्या पंगतीत ताटं घासून परत मांडणारी टोळी जशी असते ना, ती सुस्त असली की आत अन्न भरपूर असूनही पुढची पंगत बसत नाही, तसं. गीसेनच्या रोपांत बुरशीमुळं व्हिटॅमिन सी जास्त सापडलं आणि ही घासणारी टोळीसुद्धा जास्त जोमात सापडली.

२००८ मध्ये हेल्मुट बाल्ट्रुशाट आणि सहकाऱ्यांनी हाच धागा पुढं नेला. त्यांनी इनग्रिड नावाचं मिठाला नाजूक वाण घेतलं आणि तुलनेला कॅलिफोर्निया मॅरिऑट नावाचं कणखर वाण. मिठात नाजूक वाणाच्या पेशी जळतात, त्यांची चरबी खराब होते. बुरशी लावलेल्या नाजूक वाणात ही जळजळ कमी झाली, जाळ विझवणारी एन्झाइम वर गेली, आणि बऱ्याच बाबतीत ते वाण कणखर वाणासारखं वागायला लागलं. म्हणजे बुरशीनं नवीन काही शक्ती आणून दिली नाही, झाडात जी सोय होती तीच आधीपासून तयारीत ठेवली. माझ्या दृष्टीनं या सगळ्या केसची किल्ली इथं आहे. मदत बुरशी करते पण लढतं झाड. झाड ज्या ताणाशी लढूच शकत नाही तिथं बुरशी काही करणार नाही.

याचा दुसरा पुरावा रोगात मिळतो. इंडिका फक्त मुळात राहते, पानात जात नाही. तरी बुरशीवाल्या सातूच्या पानावर भुरी, म्हणजे पांढऱ्या पावडरीसारखा रोग, कमी पडली. पानावरच्या भुरीला मुळातली बुरशी हात लावू शकत नाही, मग भुरी कमी कशी? झाडाला आतून निरोप गेला, झाड आधीच सावध. आणि मुळांवर फ्युजेरियम या रोगाच्या बुरशीमुळं येणाऱ्या मूळकुजीला तोंड द्यायला पण रोपं चांगली ठरली.

आणि उत्पादन. उघड्यावर ठेवलेल्या मोठ्या कुंड्यांत अॅनाबेल या वाणाचं धान्य ११ टक्क्यांनी वाढलं. ११ टक्के ऐकून आपल्याकडचा माणूस नाक मुरडेल, कारण पाकिटांवर तीस-चाळीस टक्के छापलेलं वाचायची सवय लागलीय. मला उलट हा आकडा बघून जरा विश्वास वाटला. २०१० मध्ये बेआटे आखाट्झ यांच्या पेपरात हे पण दिसलं की वाढ मुख्यतः रोप लवकर पुढं सरकल्यामुळं होते, लोंब्या आधी येतात, आणि खत कमी-जास्त असलं तरी हे होतं.

आता मुळात आत काय चालतं ते थोडं जवळून बघू, कारण सगळं गोडीगुलाबीचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली या बुरशीनं भरलेलं मूळ बघितलं तर मुळाच्या टोकाला, जिथं नवीन पेशी तयार होतात, तिथं ती फारशी नसते. जरा मागं, जिथं मूळ जुनं होत आलंय, तिथल्या बाहेरच्या पेशींत नासपतीच्या आकाराचे बीजाणू गच्च भरलेले दिसतात. आणि त्या पेशी बऱ्याचदा मेलेल्या नाहीतर मरायला टेकलेल्या असतात. २००६ मध्ये गीसेनच्याच गटानं दाखवलं की सातूत स्थिरावायला या बुरशीला पेशी मरणं लागतंच. झाडात पेशी मरू न देणारं जनुक जास्त चालवलं की बुरशी कमी वाढते. म्हणजे ही बुरशी पूर्ण संत नाही, आत शिरून थोडं खाते, आणि झाड तिला हद्दीत ठेवतं तोवर दोघांचं बरं चालतं. जर्मनीतल्याच येना गावच्या लोकांनी अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या घराण्यातल्या छोट्या झाडावर हे दाखवलंय, झाडाचं एक बचावाचं एन्झाइम काढून टाकलं की बुरशी मुळात बेसुमार वाढते आणि फायदा गायब होतो.

अजून एक भानगड आहे आणि ती मला भयंकर आवडते. २००८ साली कळलं की इंडिकाच्या तंतूंच्या आत एक जिवाणू राहतो, रायझोबियम रेडिओबॅक्टर. प्रतिजैविकं वापरून त्याला हाकलायचा प्रयत्न केला पण बुरशी काही पूर्ण जिवाणूमुक्त झाली नाही. मग संशोधकांनी जिवाणू वेगळा काढून एकटाच सातूला लावला तर रोपाची वाढ आणि भुरीला विरोध हे दोन्ही परिणाम त्याच्यानंही मिळाले! आता श्रेय कुणाला द्यायचं, बुरशीला का तिच्या पोटातल्या भाडेकरूला? शेतकऱ्याला याच्याशी काय देणंघेणं असं वाटेल, पण आहे. उद्या कुठल्या कारखान्यात ही बुरशी पिढ्यानपिढ्या टाकीत वाढवत राहिले आणि त्यात आतल्या जिवाणूचं प्रमाण बदललं, तर पाकिटावर नाव तेच आणि गुण वेगळा, असं होऊ शकतं.

पाण्याच्या ताणाचं पण काम झालंय. चायनीज कोबीवर २०१० चा प्रयोग आहे, पाणी तोडण्याऐवजी द्रावणात पॉलिइथिलीन ग्लायकॉल नावाचं रसायन घालून मुळांना पाणी ओढणं अवघड केलं, आणि बुरशीवाल्या रोपांची पानं जास्त वेळ हिरवी राहिली, परत तीच जाळ विझवणारी एन्झाइम वर गेलेली. स्फुरदाचं काम आपल्या दिल्लीत, जेएनयूमध्येच झालं, त्याच वर्षी: बुरशीतला स्फुरद वाहून आणणारा एक दरवाजा सापडला, तो बंद केला की मक्याला मिळणारा स्फुरद कमी होतो. आणि सूर्यफुलावर मुंबई विद्यापीठाच्या लोकांनी २०११ मध्ये बुरशी नाही तर बुरशी वाढवलेलं गाळलेलं पाणी वापरून वाढ आणि बियांतलं तेल तपासलं, त्यात पण फायदा दिसला.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग अडलंय कुठं? अडलंय शेतात.

२००७ साली गव्हावर एक चांगला प्रामाणिक पेपर आला, जर्मनीतूनच. काचघरात बुरशीवाल्या गव्हावर पानाची भुरी कमी, बुंध्याचा रोग कमी, मूळकूज कमी, सगळं सातूसारखंच छान. तोच गहू बाहेर शेतात लावला तर पानावरच्या रोगात बुरशीवाला आणि साधा असा फरकच दिसला नाही. बुंध्याचा रोग मात्र शेतातही कमी राहिला. म्हणजे बुरशीच्या जवळ जे होतं ते टिकलं, लांबचं पानावरचं गळून पडलं. का, तर माझा तर्क असा आहे की शेतातलं झाड तसंही वारा, किडे, ऊन, दुसरे जंतू यांनी दिवसभर डिवचलं जात असतं, ते आधीच थोडं सावध असतं, त्यामुळं बुरशीनं दिलेला जादाचा इशारा त्यात विरून जातो. काचघरातलं झाड मात्र लाडावलेलं, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी जागं केलेलं. शिवाय शेतातल्या मातीत आधीच हजार प्रकारच्या बुरशा ठाण मांडून असतात, नवीन आलेलीला मुळावर जागा मिळेलच असं नाही.

मग आपल्याकडं याचं काय करायचं. सांगली-कोल्हापूरकडं कृष्णा-वारणेच्या काठानं उसाला पाणी देऊन देऊन जी जमीन खराब झालीय तिथं विक्रेते ही असली पाकिटं घेऊन फिरतात म्हणून हे सगळं लिहिण्याचा खटाटोप. तिथं पहिलं बघायचं की जमीन क्षारयुक्त आहे का चोपण. क्षारयुक्त म्हणजे विरघळणारं मीठ जास्त, वर पांढरा थर येतो. चोपण म्हणजे मातीच्या कणांनाच सोडियम चिकटलेला, सामू (पीएच) साडेआठच्या वर, पाणी वर डबक्यासारखं साचतं आणि वाळलं की दगड. गीसेनचा प्रयोग पहिल्या प्रकारच्या, तोही फक्त मिठाच्या, त्रासाबद्दल बोलतो. चोपण जमिनीबद्दल तो एक शब्द बोलत नाही. चोपणला जिप्सम आणि निचरा लागतो, आणि क्षारयुक्तला पण शेवटी निचराच लागतो, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून मीठ धुऊन बाहेर काढावं लागतं. बुरशी मातीतलं मीठ कमी करते असं यातल्या कुठल्याच पेपरात म्हटलेलं नाही. ती जास्तीत जास्त काय करेल, तर निचरा करून ईसी खाली येत असताना मधल्या हंगामात पीक जरा बरं उभं ठेवेल. तेवढंही मिळालं तरी माझ्या मते वाईट नाही. पण पाणी साचलेल्या, हवा नसलेल्या मुळात ती स्वतः पण जगेल याची खात्री नाही.

जिथं मला जास्त आशा वाटते ती जागा म्हणजे रोपवाटिका आणि टिश्यू कल्चरची रोपं. बाटलीत वाढलेलं केळीचं किंवा डाळिंबाचं रोप बाहेर येतं तेव्हा त्याच्या मुळावर कुठलीही बुरशी नसते, जागा मोकळी. कोकोपीटमध्ये पण स्पर्धा कमी. तिथं बुरशी आधी बसली तर ती रोपासोबत शेतात जाते. हीच गोष्ट ट्रे मधल्या टोमॅटो-मिरचीची. मात्र ट्रे मध्ये मर रोगासाठी बुरशीनाशकाची आळवणी करायची आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचं पाकीट सोडायचं, हा प्रकार सर्रास चालतो. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्याच कुळातलं बेनोमिल नावाचं औषध संशोधक मायकोरायझा मुद्दाम दाबायला प्रयोगात वापरतात, एवढं सांगितलं तरी पुरे. बियाण्याला पण आधीच रंगीत औषध लावून आलेलं असतं, त्यावर बुरशीची प्रक्रिया करताना पाकिटामागचं नीट वाचा.

तर ज्याला करूनच बघायचंय त्यानं असं करावं. सगळ्या रानात टाकू नका, निम्म्या ओळीत टाका, आणि उरलेल्या ओळींना काहीच न देता सोडू नका, कारण पाकिटात बुरशीसोबत पावडर असते, कधी ह्युमिक असतं, कधी समुद्रशेवाळाचा अर्क असतो, आणि हिरवेपणा त्याच्यानं पण येतो. म्हणून त्याच पाकिटातला निम्मा माल पाण्यात घालून चांगला उकळा, बुरशी मेली पाहिजे, आणि गार करून तो दुसऱ्या ओळींना द्या. खत, पाणी, वाण सगळं दोन्हीकडं सारखं. ओळी एकाआड एक ठेवा, म्हणजे रानाची एक कड खोलगट आणि दुसरी उंच असली तरी घोळ होत नाही. काढणीला दोन्हीचं वजन वेगळं करा, डोळ्यानं ठरवू नका, आणि वजनात फरक निघाला नाही तर दुकानदाराला तो वजनकाट्याचा कागदच दाखवा.